कूस कोणी बदलायची?

आपल्याकडे लग्न ठरलं की बैठक होते. याद्या होतात, मानपान ठरतो, कार्यालय कुठलं, ताट कितीचं, नवरीकडची माणसं किती, सगळं कागदावर येतं आणि खाली दोन्हीकडच्या सह्यासुद्धा होतात. जमिनीची वाटणी असली तर भावकीतले चार जाणते लोक बसतात, तलाठ्याला विचारतात, बांध मोजतात. अगदी सोसायटीची लिफ्ट बदलायची तरी आपण मीटिंग बोलावतो आणि तीन तास भांडतो. पण घरातल्या म्हाताऱ्या माणसाला अर्धांगाचा झटका आला आणि पुढची पाच, सात, दहा, किती माहीत नाही इतकी वर्षं यांचं कोण करणार असा प्रश्न उभा राहिला की बैठक नाही, यादी नाही, काही नाही. तो निर्णय हॉस्पिटलच्या लिफ्टसमोर उभ्या उभ्या होतो. म्हणजे होतच नाही खरं तर, जो माणूस त्या घरात आधीपासून राहतोय त्याच्या अंगावर तो आपोआप येऊन पडतो, आणि तो माणूस बहुतेक वेळा सून असते.

हे लिहितेय कारण आमच्याकडे अगदी असंच झालं, आणि मी काही सून नाही, मी पुण्यात राहणारी मुलगी आहे, म्हणजे यात माझी बाजू फार उजळ नाहीये हे आधीच सांगून टाकते.

अण्णा, माझे वडील, वय 81, सांगलीला दादा-वहिनींकडे असतात. (खरं म्हणजे दादा-वहिनी अण्णांकडे राहतात, घर अण्णांचं आहे, पण माणूस आजारी पडलं की हे वाक्य आपोआप उलटं होतं, बघा लक्ष देऊन.) उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं पण कळतं, डोकं शाबूत. बारा दिवसांनी डिस्चार्ज. बिल झालं, फाईल मिळाली, त्यात डिस्चार्ज कार्डावर औषधांच्या खाली एक ओळ होती, "दर दोन तासांनी कूस बदला". बेडसोर होऊ नयेत म्हणून. ती ओळ मी तेव्हा वाचली आणि बरोबर आहे म्हणून मान हलवली. पण नंतर कितीतरी दिवसांनी माझ्या डोक्यात आलं की या वाक्याला कर्ताच नाहीये. कोणी बदलायची? दिवसातून बारा वेळा, त्यातल्या चार रात्रीच्या, अण्णांचं वजन बहात्तर किलो आणि वहिनीला स्लिप डिस्कचा त्रास. डॉक्टरांनी लिहिलं, आम्ही चौघा भावंडांनी वाचलं, आणि कर्ता कोण ते न विचारता आपापल्या गाड्यांना बसलो.

मग व्हॉट्सअॅप ग्रुप निघाला. 'अण्णा हेल्थ'. माझी बहीण कॅलिफोर्नियात सॅन होजेला असते, तिने फिजिओचे व्हिडिओ टाकायचे, मी त्याखाली "हे करून घेतलं का?" असं विचारायचं, धाकटा ठाण्याहून अंगठा दाखवायचा, दादा दोन दिवसांनी "हो" लिहायचा. साधारण महिन्याने कोणाच्या तरी लक्षात आलं की वहिनी ग्रुपमध्ये नाहीये. जी बाई सगळं करत होती तिला सोडून आम्ही सगळे तिच्या कामावर चर्चा करत होतो. लाज वाटण्यासारखी गोष्ट आहे, पण आजूबाजूला विचारून बघा, घरोघरी असे ग्रुप आहेत.

डॉक्टर लोकांत एक जुना शब्दप्रयोग आहे, कॅलिफोर्नियाची मुलगी. 1991 मध्ये अमेरिकेतल्या वृद्धोपचाराच्या एका जर्नलमध्ये यावर लेखच आला होता. लांब राहणारं नातेवाईक, बरेच दिवस न फिरकलेलं, एकदम हॉस्पिटलात येऊन धडकतं आणि जवळच्यांनी डॉक्टरांशी बोलून ठरवलेलं सगळं उलटंपालटं करायला लावतं, हे करा ते करा, अजून टेस्ट करा. म्हणे खुद्द कॅलिफोर्नियात याच प्रकाराला न्यूयॉर्कची मुलगी म्हणतात. (मुलगीच का, मुलगा का नाही, हा वेगळा राग आहे माझा, तो नंतर कधीतरी.) आमच्याकडे तर कॅलिफोर्नियाची मुलगी शब्दशः होती आणि पुण्याचीही होती. लांब असणाऱ्यांना अपराधी वाटत असतं, ते अपराधीपण सूचनांच्या रूपाने बाहेर पडतं, आणि त्या सूचना पाळायच्या कोणी तर जी आधीच रात्री चार वेळा उठतेय तिने.

तर माझं म्हणणं असं आहे की या प्रश्नासाठी घरच्यांची रीतसर मीटिंग व्हायला हवी आणि ती घेणारा माणूस घरातला नको. डॉक्टरही नको. बाहेरचा, ज्याला या घराच्या प्लॉटशी, दागिन्यांशी, 1994 सालच्या भांडणाशी काही देणंघेणं नाही असा, आणि हे काम शिकलेला. आणि ही सोय नशिबाने कुणाची ओळख निघाली म्हणून नाही, तर डिस्चार्जच्या आधी हॉस्पिटलातच मिळायला हवी.

आमच्या बाबतीत मात्र नशीबच. मैत्रिणीच्या ओळखीच्या एक मॅडम, सरकारी हॉस्पिटलातून समाजसेवा अधीक्षक म्हणून रिटायर झालेल्या. त्यांनी होकार दिला आणि आधी पाच जणांना वेगवेगळे फोन केले, पहिला वहिनीला. मला वाटलं होतं त्या आल्या की "आता अण्णांना कोण सांभाळणार" असं विचारतील आणि मग रडारड होईल. त्यांनी तो प्रश्न काढलाच नाही. गेल्या वर्षीचं कॅलेंडर मागितलं, त्याची पानं उलटी केली आणि म्हणाल्या सकाळी पाचपासून सुरू करू, अण्णांचं काय काय असतं ते सांगा, कोण करतं ते नंतर. लघवीची पिशवी रिकामी करणं. तोंड धुणं. स्पंजिंग. बीपी. औषधं, ती सुद्धा आणणं वेगळं आणि देणं वेगळं लिहिलं त्यांनी. फिजिओवाल्याला दार उघडणं. भेटायला येणाऱ्यांचा चहा, हो, हे पण काम आहे. चादरी. कूस. रात्रीची कूस वेगळी. एकवीस कामं झाली. मग प्रत्येकापुढे आत्ता कोण करतं त्याचं नाव लिहिलं, आणि सोळा ठिकाणी वहिनी आली. दादा उठून चहाचं बघायला गेला, जो चहा तोपर्यंत कधीच त्याने बघितला नव्हता. सॅन होजेची बाई स्क्रीनवर गप्प. कोणी कोणाला काही बोललं नाही, बोलायची गरजच नव्हती, कागद समोर होता.

आता मोठे काका. काकांचं म्हणणं होतं घरातलं घरात ठेवा, बाहेरचं माणूस कशाला, मी आहे ना. काका चांगले आहेत, पण काका पार्टी आहेत. त्यांनी लहानपणापासून दादाला "तू मोठा, तू बघ" असं सांगितलंय, ते आता वेगळं काय सांगणार? शिवाय काकांसमोर वहिनी डोक्यावरचा पदर नीट करून "माझं काय, मी करते की" एवढंच म्हणणार, तेच ती बावीस वर्षं म्हणत आलीय. बाहेरच्या माणसाचा पहिला फायदा हाच की त्याच्यासमोर सून ही सून नसते, ती फक्त सोळा कामं करणारी व्यक्ती असते. घरातली भांडणं चव्हाट्यावर येतात असंही लोक म्हणतात. अहो, चव्हाट्यावर तर ती येतातच, फक्त जरा उशिरा येतात आणि मग प्रांत ऑफिसात येतात.

हे प्रांत ऑफिसचं जरा सांगते कारण बऱ्याच जणांना अर्धवट माहीत असतं. 2007 चा आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा आणि कल्याणाचा कायदा आहे, त्यात मुलं बघत नसतील तर आईवडील न्यायाधिकरणाकडे अर्ज करू शकतात, आपल्याकडे तो अर्ज प्रांतांपुढे चालतो, महिन्याला कमाल 10,000 रुपयांपर्यंत निर्वाह खर्च लावता येतो. याच कायद्यात एक समेट अधिकारी सांगितलाय, न्यायाधिकरणाला सुनावणीआधी प्रकरण त्याच्याकडे पाठवता येतं आणि त्याने एका महिन्यात काय ते कळवायचं. म्हणजे मीटिंग घेणारा माणूस कायद्याला सुचला होता! पण कधी, तर बापाने मुलाविरुद्ध अर्ज टाकल्यावर. तोपर्यंत बेडसोर झालेले असतात, घराचं बक्षीसपत्र झालेलं असतं, दोन भाऊ बोलायचे बंद झालेले असतात. आणि अजून एक गंमत, या कायद्यातल्या अपत्य या व्याख्येत मुलगा, मुलगी, नातू, नात आहेत, सून नाही. 2019 मध्ये सून-जावई घालायचं विधेयक आलं होतं, ते काही पास झालं नाही. मी सुनेवर कायदेशीर जबाबदारी टाका अजिबात म्हणत नाहीये, उलट आहे. माझं म्हणणं एवढंच की कागदावर जिची काहीच जबाबदारी नाही ती सोळा कामं करते आणि ज्यांची आहे ते ग्रुपवर अंगठे दाखवतात. मुलीचं तर सुप्रीम कोर्टाने 1987 मध्येच सांगून टाकलंय की लग्न झालेली असली तरी तिच्यावरही बापाच्या पोटगीची जबाबदारी आहे, ती केस आपल्या कल्याणचीच होती. म्हणजे "मी काय, परक्या घरी दिलेली" हे माझं वाक्य पण संपलं.

त्याच 2007 साली 15 ऑगस्टला आपल्याकडे तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली होती, गावातले तंटे गावातच मिटवायचे. कल्पना काय वाईट होती? गावोगाव समित्या झाल्या, बक्षिसं मिळाली, बोर्ड लागले. पण त्यातही तंटा म्हणजे बांध, मारामारी, रस्ता. अंथरुणाला खिळलेल्या सासूचं रात्री कोण करतं हा कुठल्या समितीला तंटा वाटला नाही, कारण तो मोठ्याने होत नाही.

याच्या उलट न्यूझीलंडने काय केलं ते बघण्यासारखं आहे. तिथे प्रश्न म्हाताऱ्यांचा नव्हता, मुलांचा होता. माओरी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या, मुलांना सरकारी समाजसेवक घरातून उचलून संस्थांमध्ये नाहीतर परक्या घरात ठेवायचे आणि हे सगळं ऑफिसात ठरायचं, मुलाच्या गणगोताला विचारायचंच नाही. यावर माओरी लोकांनी प्रचंड आवाज उठवला, 1986 मध्ये 'पुआओ-ते-आता-तू' नावाचा अहवाल आला आणि 1989 च्या कायद्यात फॅमिली ग्रुप कॉन्फरन्स आली. म्हणजे एक कोऑर्डिनेटर सगळ्या गणगोताला बोलावतो, मामा-मावश्या-आजी सगळे, अधिकारी आपली माहिती सांगतात, आणि मग, हे मला सगळ्यात आवडलं, अधिकाऱ्यांनी उठून खोलीच्या बाहेर जायचं. घरच्यांना एकटं सोडायचं. त्यांनी आपापसात ठरवून योजना आणायची, मग तिच्यावर चर्चा. याने जादू झाली असं नाही, कायदा आल्यावरही माओरी मुलं सरकारी ताब्यात जाण्याचं प्रमाण जास्तच राहिलं आणि त्यावरून अजून भांडणं चालू आहेत. मीटिंग नुसती नावाला घेतली की काय होतं त्याचंही ते उदाहरण आहे. पण निर्णय घरच्यांचा आणि बैठक मात्र बाहेरच्याने बसवलेली, हा जो मेळ आहे तो बरोबर आहे. आमच्या मॅडमनी एकवीस कामांचा कागद भिंतीला लावला आणि "मी गणपतीला जाऊन येते" म्हणून चक्क निघून गेल्या. चाळीस मिनिटं. त्या चाळीस मिनिटांत आम्ही आधी भांडलो, मग धाकटा म्हणाला की मी पैसे देऊ शकतो, वेळ देऊ शकत नाही असं मी स्वतःला सांगत होतो पण मला दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी असते. बँकेत आहे तो. हे वाक्य काकांसमोर, मॅडमसमोर, कोणासमोरच तो बोलला नसता.

आणि अण्णा? अण्णा आतल्या खोलीत होते, ऐकत होते. मॅडम देवळातून आल्या त्या थेट त्यांच्याकडे गेल्या, खुर्ची ओढली आणि म्हणाल्या तुमची काय यादी आहे. आम्ही पाच जणांनी महिनाभर जे विचारलं नव्हतं ते. अण्णांनी वेळ घेत दोनच गोष्टी सांगितल्या. एक, सुनेने डायपर बदलायचा नाही, मला मेल्यासारखं होतं, त्याला माणूस ठेवा, माझ्या पेन्शनमधून. दुसरं, ही मागची खोली नको, पलंग पुढच्या हॉलमध्ये खिडकीपाशी लावा, रस्ता दिसतो. आम्ही मागची खोली त्यांना शांतता म्हणून दिली होती. ब्युरोचा मामा, म्हणजे पेशंटचं करणारा पुरुष मदतनीस, रात्रीसाठी आला, महिन्याला वीस हजारांच्या घरात जातो, अर्धे पेन्शनमधून आणि उरलेले आम्ही तिघं देतो, दादाने वेळ द्यायचा. सगळ्यांत महागडी वस्तू, तो हवेचा बेड, आम्ही आधीच घेऊन बसलो होतो, तो खिडकीपाशी सरकवायला एक पैसा लागला नाही.

आयसीयूतल्या मीटिंगांवर फ्रान्समध्ये एक अभ्यास झाला होता, 2007 मध्ये छापून आला, 22 आयसीयूंमधला. काही कुटुंबांशी नेहमीसारखं बोलले आणि काहींशी ठरवून, पूर्ण बोलू देऊन. नेहमीच्या मीटिंगमध्ये घरचे साधारण 5 मिनिटं बोलले, ठरवून घेतलेल्यात 14 मिनिटं. तीन महिन्यांनी दुसऱ्या गटातल्या नातेवाइकांना मानसिक धक्क्याचा त्रास कमी होता, पेशंट तर दोन्हीकडे गेलेलेच होते. म्हणजे मागे राहणाऱ्यांसाठी नऊ मिनिटं. आपल्याकडे राऊंडला डॉक्टरांच्या मागे धावत "सर, एक मिनिट" म्हणणाऱ्याला ही नऊ मिनिटं किती मोठी ते सांगायला नको. शेवटच्या टप्प्याबद्दल तर आपल्या सुप्रीम कोर्टानेच सांगून ठेवलंय, 2018 च्या निकालात आणि 2023 मध्ये तो सोपा करताना, की उपचार थांबवायचे का असा प्रश्न आला की हॉस्पिटलच्या मंडळाने घरच्यांशी बोलायचं आणि त्याची टिपणं लिहून ठेवायची. मरताना मीटिंग आहे. त्याआधी सात वर्षं जगताना नाही.

आता माणसं कुठून आणायची, तर माणसं आहेत. मुंबईत नागपाड्याला 1936 मध्ये समाजकार्याचं शिक्षण सुरू झालं, तीच संस्था पुढे टिस, म्हणजे टाटा समाजविज्ञान संस्था झाली, आणि 1946 मध्ये जेजे हॉस्पिटलमध्ये देशातली पहिली वैद्यकीय समाजसेविका नेमली गेली. समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय) हे पद सरकारी हॉस्पिटलांत आजही आहे. पण त्यांच्याकडे जाऊन बघा, टेबलावर रेशनकार्डांच्या झेरॉक्स, योजनांचे अर्ज, ट्रस्टांना मदतीसाठी पत्रं, बेवारस पेशंटची शोधाशोध. हे सगळं लागतंच, पण ज्या कामासाठी शिकले ते काम करायला अर्धा तास उरत नाही. खाजगी हॉस्पिटलात काउन्सेलर अशी पाटी असते, तिथे जाऊन बसलं की पॅकेज समजावून सांगतात. माझं मत स्पष्ट आहे, लांबलचक सेवा लागणाऱ्या पेशंटला, पॅरालिसिस, खुब्याचं हाड, डिमेन्शिया, घरी सोडण्याआधी एक मीटिंग झालीच पाहिजे आणि डिस्चार्ज कार्डावर औषधांसारखीच कामांपुढे नावं लिहिलेली पाहिजेत. कर्त्यासकट वाक्य. गावागावांत, वॉर्डावॉर्डांत ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, फेस्कॉमसारखा महासंघ आहे, त्यांनी सहली आणि वाढदिवसांबरोबर प्रत्येक संघात दोन माणसं यासाठी तयार केली तर निम्मं काम होईल. रिटायर्ड शिक्षिका, नर्सबाई, बँकेतले, कोणीही, फक्त त्यांनी आपल्याच गल्लीतली मीटिंग घेऊ नये.

धोके आहेत, नाही असं नाही. हॉस्पिटलच्या पगारावरचा माणूस बेड रिकामा करायच्या बाजूने बोलू शकतो. आणि दुसरा मोठा धोका म्हणजे मीटिंगच सापळा व्हायची, सगळ्यांसमोर सुनेकडून "हो" वदवून घ्यायचं आणि मग वर्षभर "तूच तर म्हणालीस" ऐकवायचं. म्हणून आधीचे वेगळे फोन. मॅडम वहिनीशी जे अर्धा तास बोलल्या ते काय बोलल्या आम्हाला अजून माहीत नाही, विचारूही नये. आणि जिथे मारहाण आहे, उपाशी ठेवणं आहे, कागदांवर अंगठे घेणं आहे तिथे मीटिंगबिटिंग काही नाही, तिथे सरळ 14567 ला फोन करायचा, ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, नाहीतर पोलीस. समजुतीने घ्या म्हणणारे तिथे गुन्ह्याला मदत करतात असं मी म्हणेन. शिवाय सगळ्या मीटिंगांतून घरीच ठेवायचं निघेल असंही नाही. वृद्धाश्रम किंवा नर्सिंग होम निघालं आणि अण्णांसमोर, अण्णांना विचारून निघालं, तर त्यात मान खाली घालण्यासारखं काय आहे मला कळत नाही.

आमचं सगळं छान चाललंय असं समजू नका. धाकट्याचे दोन शनिवार लागोपाठ बुडाले, एकदा इन्स्पेक्शन, एकदा मुलाची परीक्षा. आधीचे दिवस असते तर वहिनीने काही म्हटलं नसतं, दादाने वहिनीवर आवाज चढवला असता आणि मी ग्रुपवर टोमणा मारला असता. या वेळी फोन मॅडमनी केला, कागदावर तसं ठरलंच होतं की चुकलं तर फोन त्या करणार. पुढच्या वेळी तो शुक्रवारी रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये बसला. दुसरी मीटिंग येत्या चौथ्या शनिवारी आहे, विषय अण्णांनीच काढलाय, परत झटका आला तर हॉस्पिटलात न्यायचं का आणि व्हेंटिलेटर लावायचा का, ते लिहून ठेवू म्हणतात, दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी लागतो हे दादा विचारून आलाय. मी म्हटलं फोनवर बोलून ठरवू, मला त्या दिवशी जमेलसं वाटत नाही. तर अण्णा म्हणाले, जड जिभेने पण अगदी स्पष्ट, "फोनवर नको. तू पण ये."